कळा कमरेतच येत असतील तर काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिलं बाळंतपण, छत्तिसावा आठवडा चालू. मोठ्या बहिणीला सगळ्या कळा कमरेत आल्या, पोटात फारसं काही जाणवलंच नाही. ती रात्रभर पलंगावर उताणी पडून होती आणि जवळची माणसं तिच्या कपाळावरून हात फिरवत होती. तुम्हालाही तसंच होईल का, एपिड्युरलशिवाय, म्हणजे कमरेच्या मणक्यांमधून बारीक नळीने देतात त्या भुलीशिवाय, काही उपाय आहे का, आणि एपिड्युरल घेतलं तर पाठ जन्मभर दुखते हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. नवरा सोबत थांबणार आहे, पण त्यांनी नेमकं काय करायचं ते दोघांनाही ठाऊक नाही.

मी प्रसूतिकक्षात परिचारिका आहे. कळा चालू असताना बाईजवळ उभं राहणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते. बहिणीची हकिगत वाचताना मला एक गोष्ट खटकली. दुखत होतं कमरेत, अंगाचा सगळा भार पडत होता कमरेवर, आणि हात फिरत होता कपाळावर. बहुतेक ठिकाणी अडचण इथेच असते. कमरेतल्या कळांवर बरंच काही करता येतं, पण ते योग्य जागी, योग्य वेळी आणि पुरेशा जोराने करावं लागतं. ते आधी कुणी शिकवलेलं नसतं, आणि ऐन वेळी शिकण्याइतकी उसंत नसते.

आधी कळ कमरेत का येते ते सांगते. गर्भाशय आणि त्याच्या तोंडाकडून वेदना वाहून नेणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात जिथे शिरतात, साधारण छातीच्या शेवटच्या मणक्यांपासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंत, तिथेच कमरेकडच्या नसाही येतात. त्यामुळे दुखणं पिशवीचं, म्हणजे गर्भाशयाचं, असलं तरी ते कमरेत उमटतं. शिवाय गर्भाशय मागच्या बाजूने ज्या बंधांनी धरलेलं असतं ते कळेबरोबर ताणले जातात. आणि बाळाचं डोकं खाली सरकताना त्रिकास्थीवर, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी चपट्या हाडावर, आतून दाब येतो. म्हणून कमरेत कळ येणं यात काही बिघडलंय असं मानू नका. थोडंफार ते बहुतेक जणींना होतं, काही जणींना ते फार तीव्र होतं.

तुम्ही कुठेतरी वाचलं असेल की बाळाचं तोंड आईच्या पोटाकडे आणि डोक्याची मागची बाजू आईच्या कण्याकडे असली की कमरेत कळा येतात. यात तथ्य आहे, पण ते पूर्ण खरं नाही. कळा सुरू होताना १०० पैकी सुमारे १५ ते ३० बाळं अशा स्थितीत असतात, आणि त्यातली बहुतेक पुढे आपणहून फिरतात. जन्माच्या वेळी तशी राहिलेली १०० पैकी ५ ते ८ च असतात. उलट बाळ अगदी नेहमीच्या स्थितीत असूनही कमरेत जबरदस्त कळा आलेल्या कित्येक जणी मी पाहिल्या आहेत. नुसत्या कमरदुखीवरून बाळ कसं आहे ते ठरवू नये. तपासणी किंवा सोनोग्राफी केल्यावरच ते कळतं.

बहिणीला झालं म्हणून तुम्हाला होईलच असं नाही. ज्यांची कंबर मासिक पाळीत खूप दुखते त्यांना कळाही कमरेत येण्याची शक्यता थोडी जास्त असते, एवढं सांगता येईल. आणि बाळ फिरावं म्हणून आतापासून रोज हात-गुडघ्यांवर ओणवं राहण्याचा सल्ला तुम्हाला कुणी देत असेल, तर कंबरेला बरं वाटतं म्हणून खुशाल करा. मात्र त्याने जन्माच्या वेळची स्थिती बदलते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तो व्यायाम चुकला म्हणून स्वतःला दोष देत बसू नका.

उपायांकडे जाण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण इथे घरगुती उपाय करत थांबणं धोक्याचं असतं. कळेचं दुखणं लाटेसारखं असतं. चढतं, टिपेला जातं, उतरतं, आणि मध्ये पोट मऊ पडतं. कमरेत मंद ठणका मागे राहिला तरी ही चढ-उतार जाणवते. पोट सैल न पडता सतत कडक आहे आणि दुखणं थांबतच नाही, रक्तस्राव होतोय, बाळाची हालचाल कमी झालीय, ताप आणि थंडी वाजून एका कुशीत दुखतंय, बाळाभोवतीचं पाणी हिरवट गेलंय, आधीच्या सिझेरियनच्या टाक्यांपाशी सतत दुखतंय, यातलं काहीही असलं तर लगेच दवाखान्यात जा. जांघांच्या मध्ये बधिरता येऊन लघवीवरचा ताबा सुटला तरीही लगेच जायचं. आणि तुम्हाला ३७ आठवडे पूर्ण व्हायचे आहेत, म्हणून त्याआधी कंबर ठरावीक अंतराने येऊन-जाऊन दुखू लागली तर ती वेळेआधीची कळ असू शकते. पोटात काही नाही म्हणून वाट पाहू नका.

आता उपाय. पहिला आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे उताणं न पडणं. उताणं पडलं की बाळ, पाणी आणि गर्भाशय यांचा सगळा भार कण्यावर आणि त्याच्या शेजारच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो. कंबर जास्त दुखते, काहींना घेरी येते, बाळाकडचा रक्तपुरवठाही कमी होऊ शकतो. पुढे झुकलं की तो भार कण्यावरून सुटतो. उभं राहून टेबलावर किंवा नवऱ्याच्या खांद्यावर रेलणं, खुर्चीवर उलटं बसून पाठीच्या बाजूवर डोकं टेकणं, पलंगाचा डोक्याकडचा भाग उभा करून गुडघ्यांवर बसून त्याला मिठी मारणं, मोठ्या चेंडूवर बसून कंबर गोल फिरवणं, हे सगळं चालतं. ओणवं राहिल्याने कमरेचं दुखणं कमी होतं असं मला वारंवार दिसलंय, आणि अभ्यासही तेच सांगतात. मनगटं दुखली तर कोपरांखाली उशा घ्या.

आणखी एक प्रकार मी आवर्जून करायला लावते. खुर्चीशेजारी उभं राहायचं, एक पाय बाजूने खुर्चीच्या बैठकीवर ठेवायचा, आणि कळ आली की त्या गुडघ्याकडे हळूहळू झुकायचं, परत यायचं. यात ओटीपोटाच्या हाडाची एक बाजू किंचित उघडते आणि बाळाला वळायला जागा मिळते. डावा पाय की उजवा, हे ज्या बाजूला बरं वाटेल त्यावर ठरवा. तोल जाऊ नये म्हणून कुणीतरी धरलेलं हवंच. स्थिती साधारण अर्ध्या तासाने बदला. थकलात तर कुशीवर झोपा, दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी ठेवून. उभं राहण्या-फिरण्याने पहिला टप्पा, म्हणजे पिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंतचा काळ, सरासरी तासाभराहून अधिक कमी होतो, पण म्हणून सतत उभंच राहायचं असं नाही. कळांचा सुरुवातीचा काळ पहिल्या खेपेला फार लांबू शकतो. तेव्हा मिळेल तेवढी झोप घ्या. जोर पुढे लागणार आहे.

आता दाब देण्याबद्दल. तुमच्या नवऱ्याने हाच भाग नीट वाचावा. नितंबांच्या वर, कमरेच्या दोन बाजूंना दोन खळ्या दिसतात. त्या दोन खळ्या आणि खाली नितंबांची फट जिथे सुरू होते ती जागा, या तिघांमधला त्रिकोण म्हणजे त्रिकास्थी. दाब तिथे द्यायचा. वरच्या मणक्यांवर द्यायचा नाही. तळहाताचा मनगटाकडचा भाग टेकवायचा, कोपर सरळ ठेवायचं आणि स्वतःच्या अंगाचा भार त्यावर सोडायचा. बोटांनी किंवा नुसत्या हाताच्या जोराने दाबलं तर पाच-सहा कळांतच हात गळून जातो. दुसऱ्या हाताने तिच्या कमरेचं पुढचं हाड धरायचं, म्हणजे ती पुढे ढकलली जात नाही.

वेळ फार महत्त्वाची. कळ सुरू होतेय असं तिने सांगितल्याबरोबर दाब सुरू झाला पाहिजे, कळ टिपेला जाईल तसा वाढला पाहिजे, आणि कळ पूर्ण ओसरल्यावरच हळूहळू सोडायचा. मधेच हात उचलला तर आतला ताण एकदम जाणवतो आणि ती कळवळते. जोर किती? नवरे पहिल्यांदा फार हलका हात लावतात. दुखेल या भीतीने ते तसं करतात आणि ती भीती मला समजते, पण कमरेत कळा येणारी बाई "अजून जोरात" हेच म्हणत असते. तिला सांगू द्या. त्यासाठी आधीच चार शब्द ठरवून ठेवा: वर, खाली, जोरात, थांब. कळेत पूर्ण वाक्य सुचत नाही. आणि बाळ खाली सरकत जाईल तशी दुखण्याची जागाही खाली सरकते, म्हणून तासाभरापूर्वी जिथे आराम पडत होता तिथेच दाबत राहू नका, विचारा.

एका जागी दाबून भागलं नाही तर दोन्ही हातांनी करायचा प्रकार आहे. ती पुढे झुकलेली असताना मागे उभं राहायचं, दोन्ही तळहात नितंबांच्या बाहेरच्या मांसल भागावर, बोटं मध्याकडे, आणि दोन्हीकडून आत व किंचित वर दाबायचं. कंबरेचं हाड मागच्या बाजूला जिथे ताणलं जातं तिथला ताण यामुळे हलका होतो. तिसरा प्रकार समोरून करायचा. ती खुर्चीवर ताठ बसलेली, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर सपाट. नवऱ्याने समोर गुडघ्यांवर बसून तिचे दोन्ही गुडघे तळव्यांनी धरून सरळ मागे, खुब्यांच्या दिशेने दाबायचे. एकटाच माणूस सोबत असेल आणि त्याचे खांदे भरून आले असतील तर हा प्रकार फार उपयोगी पडतो. पोटावर मात्र कुणीही दाब द्यायचा नाही, आणि पिंढऱ्या जोराने चोळायच्या नाहीत, कारण गरोदरपणात पायांच्या शिरांमध्ये गुठळी असण्याची शक्यता असते. कण्याची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा मणक्यांमधली गादी सरकलेली असेल तर हे सगळं आधी डॉक्टरांना विचारून.

हे का काम करतं? वेदनेचा अभ्यास करणारे संशोधक रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं की कण्यापाशी वेदनेचे संदेश आत घेणारं एक प्रकारचं दार असतं आणि दाब, स्पर्श, ऊब यांचे संदेश एकाच वेळी पोचले तर ते दार काही अंशी मिटतं. त्यानंतर या मांडणीत बऱ्याच सुधारणा झाल्या, पण मूळ विचार टिकला. वेदना नाहीशी होत नाही, सोसण्याजोगी होते, आणि कळेत तेवढा फरक फार मोठा असतो.

शेक आणि पाणीही याच वाटेने मदत करतात. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून त्रिकास्थीवर, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. काहींना गार जास्त बरं वाटतं, तेही चालतं. एपिड्युरल घेतल्यावर कमरेला शेक देऊ नका. त्वचा बधिर असते, भाजलेलं कळत नाही. शॉवर असेल तर कमरेवर कोमट-गरम धार सोडत पुढे झुकून उभं राहा. टबमध्ये बसायची सोय असेल तर पाणी ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर नको, कारण आईचं अंग तापलं की बाळाचे ठोके वाढतात.

तुमच्या नवऱ्यासाठी हेच थोडक्यात. ती पुढे झुकलेली असावी, हात त्रिकोणावर असावा, दाब कळेच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत राहावा. दोन कळांच्या मध्ये घोटभर पाणी द्या आणि दर दोन तासांनी लघवीची आठवण करा, कारण भरलेलं मूत्राशय कंबर आणखी दुखवतं आणि बाळाची वाटही अडवतं. आणि तिला एकटं सोडू नका. सतत एक माणूस जवळ असेल तर औषधांची गरज कमी पडते आणि नैसर्गिक प्रसूतीची शक्यता वाढते, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या मार्गदर्शनात बाईच्या पसंतीचं माणूस सोबत असावं असं स्पष्ट म्हटलंय. शक्य असेल तर हात पालटायला दुसरं कुणीतरी असू द्या. तासन्तास दाब देणं सोपं नाही.

दवाखान्यातल्या उपायांपैकी एक फारसा कुणाला माहीत नसतो, आणि तो खास कमरेच्या कळांसाठीच आहे: निर्जंतुक पाण्याची इंजेक्शनं. त्रिकास्थीच्या आसपास चार जागी, त्वचेच्या अगदी वरच्या थरात, थेंब-दोन थेंब पाणी टोचतात. त्यात औषध काहीच नसतं. टोचताना गांधीलमाशी चावल्यासारखी कडक आग होते, साधारण अर्धा मिनिट. मग काही मिनिटांत कमरेचं दुखणं उतरतं आणि आराम तास-दोन तास टिकतो. पुन्हाही देता येतात. बाळावर परिणाम नाही, बाईला हिंडता-फिरता येतं. पोटातल्या कळेवर मात्र त्यांचा उपयोग होत नाही. सगळीकडे हे करत नाहीत आणि प्रत्येकीला सारखा गुण येत नाही, पण विचारून ठेवणं नक्कीच योग्य. कमरेला पट्ट्या चिकटवून सौम्य विद्युतलहरी देणारं यंत्रही असतं. त्याचा पुरावा कमी आहे, पण सुरुवातीच्या काळात काहींना त्याने बरं वाटतं. पाण्यात असताना ते वापरायचं नाही.

गोळ्यांबद्दल एकच सांगते. पॅरासिटामॉलसुद्धा विचारून घ्या, आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या या दिवसांत स्वतःहून अजिबात घेऊ नका. बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी आणि मूत्रपिंडं यांवर त्यांचा परिणाम होतो. वेदना कमी करण्यासाठी काही दवाखान्यांत देतात तो हुंगायचा वायू कळ सुरू होताक्षणी घ्यावा लागतो, कारण त्याचा अंमल चढायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतो. पेथिडीनसारख्या वेदनाशामक इंजेक्शनने गुंगी येते, पण कमरेवर त्याचा जोर मला तोकडा वाटतो, आणि जन्माच्या अगदी आधी दिलं तर बाळ सुस्त राहू शकतं.

आता एपिड्युरल. त्याने पाठ जन्मभर दुखते हा समज चुकीचा आहे. सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळी राहते, एवढंच. बाळंतपणानंतर पाठ दुखते ती एपिड्युरल घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची, जवळपास सारखीच. सैल झालेले सांधे, बाळाला घेण्याची-पाजण्याची पद्धत आणि झोपमोड ही त्याची कारणं. एपिड्युरलमुळे सिझेरियन वाढतं असंही दिसलेलं नाही. खऱ्या बाजू वेगळ्या आहेत: रक्तदाब उतरू शकतो, पाय जड होतात, लघवीसाठी नळी लागू शकते, जोर करण्याचा टप्पा लांबतो, आणि १०० पैकी साधारण एकीला नंतर तीव्र डोकेदुखी होते. क्वचित कमरेतला दाब पूर्णपणे जात नाही. तेव्हा गप्प बसू नका, भूलतज्ज्ञ मात्रा किंवा नळी बदलू शकतात. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, फार कमी असतील किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर बहुतेक वेळा एपिड्युरल देता येत नाही.

माझं मत विचाराल तर, दाब, स्थिती आणि पाणी यांनी दोन कळांच्या मध्ये बाईला श्वास घ्यायला, डोळे मिटायला मिळत असेल तोवर मी तेच चालू ठेवते. मधल्या वेळातही अंग सैल पडत नसेल, ती थकून रडकुंडीला आली असेल आणि पिशवीचं तोंड अजून बरंच उघडायचं असेल, तर एपिड्युरलने मिळणारी विश्रांती तिला पुढच्या जोरासाठी उभं करते. अशा वेळी तिला आणखी सोसायला लावण्यात मला काही भलं दिसत नाही. फक्त एपिड्युरलनंतरही दर अर्ध्या-पाऊण तासाने कूस बदलून घ्या आणि गुडघ्यांमध्ये उशी ठेवा, म्हणजे बाळाला वळायची जागा राहते.

एक जागा अशी आहे जिथे कमरेतल्या कळांच्या बायका हमखास गोंधळतात. बाळाचं डोकं मागे दाबत असल्याने शौचाला लागल्यासारखा जोर फार लवकर, पिशवीचं तोंड पूर्ण उघडण्याआधीच, येऊ शकतो. तेव्हा लगेच सांगा आणि तपासून घ्या. अजून वेळ असेल तर कुशीवर किंवा डोकं खाली आणि कंबर वर अशा ओणव्या स्थितीत राहा, तोंडाने छोटे-छोटे फुंकर मारल्यासारखे श्वास सोडा. जोर करायची वेळ आल्यावरही उताणंच झोपायचं असं काही नसतं. कुशीवर, गुडघ्यांवर, ओणवं, जे जमेल ते विचारा.

पुढच्या तपासणीला जाताना हे विचारून या: नवऱ्याला शेवटपर्यंत थांबू देतात का, कळांत उठून फिरता येतं का, बाळाचे ठोके पाहण्याचं यंत्र लावलेलं असताना उभं राहता येईल का, शॉवर आहे का, निर्जंतुक पाण्याची इंजेक्शनं देतात का, आणि रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात. तुमचा रक्तदाब, बाळाचे ठोके, कळा सुरू करण्यासाठी औषध लागणं, यावर यातल्या काही उत्तरांत फरक पडेल, तेही तिथेच कळेल. आणि आज संध्याकाळी खुर्चीवर उलट्या बसा, नवऱ्याला त्या दोन खळ्या शोधू द्या आणि हलक्या जोराने दाबून पाहा, म्हणजे हात कुठे ठेवायचा हे त्यांना ऐन रात्री शोधावं लागणार नाही.